दिवसाचं गणित रोजच चुकतंय? आधी ‘सेटिंग’ तपासा

भोसरीच्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी गेली सोळा वर्षं प्लॅनिंग बघते. कुठला जॉब कुठल्या मशीनवर, कधी चढेल, कधी उतरेल, हे सांगणं माझं काम. पहिली दोन वर्षं माझा एकही शब्द खरा ठरला नाही. चूक कुठे होते ते सावकाश कळलं, आणि मग तीच चूक घरात, नात्यात, बिल्डिंगमध्ये सगळीकडे दिसायला लागली. आजवर भाचा, जाऊबाई, शेजारच्या क्लासवाल्या मॅडम आणि कंपनीत दर वर्षी येणारी दोन-तीन डिप्लोमावाली पोरं, एवढ्या जणांचा वेळेच्या अंदाजातला हाच बिघाड काढलाय. तपासायचा क्रम दर वेळी तोच असतो. एकदाचा लिहून ठेवते, म्हणजे पुढच्याला फोनवर तासभर सांगत बसायला नको.

लक्षणं

यादीत सकाळी दहा कामं, रात्री खोडलेली चार. उरलेली उद्याच्या पानावर. त्यातलं एखादं (आमच्याकडे ‘लाइट बिलावरचं नाव बदलणे’) महिनोन्महिने नुसतं पानं बदलत फिरतं.

फोनवर ‘हे काय, निघालोच’ म्हणताना पायात चपला नसतात. कधी कधी आंघोळही व्हायची असते.

सकाळचं पहिलं काम वीस मिनिटं लांबतं आणि संध्याकाळचं शेवटचं दोन तास.

रविवारची यादी आठवड्यात सगळ्यांत लांब, आणि रविवारीच सगळ्यांत कमी कामं उरकतात.

‘किती वेळ लागेल?’ याला उत्तर कायम गोल येतं. पाच मिनिटं, अर्धा तास, तासभर. ‘सतरा मिनिटं’ असं कुणी म्हणालेलं ऐकलंय? जुनी माणसं ‘घटकाभर बस’ म्हणायची, तेव्हा घटका म्हणजे २४ मिनिटं एवढं तरी ठरलेलं होतं. आपली ‘पाच मिनिटं’ कशालाच बांधलेली नाहीत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं लक्षण: चूक नेहमी एकाच बाजूला होते. अंदाज नुसता कच्चा असता तर कधी काम लवकरही संपलं असतं. तसं होत नाही. व्हर्नियरचे (बारीक माप घ्यायच्या पट्टीचे) जबडे पूर्ण मिटले तरी शून्यावर शून्य बसत नसेल, तर तो व्हर्नियर प्रत्येक माप एकाच बाजूला चुकवतो. त्याला झिरो एरर म्हणतात. असा व्हर्नियर कुणी फेकून देत नाही. एरर किती आहे ते मोजायचं आणि दर मापात तेवढी दुरुस्ती करायची. म्हणून स्वतःला आळशी म्हणणं आधी बंद करा. आळशी माणूस यादीच करत नाही.

एखाद्या दिवशी पाऊस पडला, पाहुणे टपकले आणि सगळं कोलमडलं, तर तो बिघाड नव्हे. त्याला दिवस वाईट गेला म्हणतात. त्यासाठी पुढचं काही करायची गरज नाही.

पहिली तपासणी: घड्याळं (खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं)

घरातली घड्याळं मुद्दाम पुढे लावलेली आहेत का ते बघा. आमच्याकडे हॉलमधलं दहा मिनिटं पुढे होतं, स्वयंपाकघरातलं सात, आणि बेडरूममधलं कुणी कधी किती पुढे केलं हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. घरातल्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असते. बघणारा मनातल्या मनात दहा वजा करतो आणि ‘आहेत अजून’ म्हणून चहाचं आधण ठेवतो. सात पुढे असलेल्या घड्याळातूनही दहाच वजा करतो. उशीर होऊ नये म्हणून केलेली ही युक्ती उशीरच करते.

सगळी घड्याळं मोबाइलच्या वेळेवर आणा. पहिल्या आठवड्यात दोनदा बस चुकेल, चुकू द्या. ही तपासणी पहिली ठेवायचं कारण साधं आहे: पुढचं सगळं मोजमापावर चालतं, आणि खोट्या गेजने जॉब तपासत नाहीत.

दुसरी तपासणी: यादीतले शब्द (खर्च शून्य, दहा मिनिटं)

यादी हातात घ्या आणि त्यात ‘चं काम’, ‘बघणे’, ‘आवरणे’ यांपैकी काही दिसतंय का शोधा. ‘बँकेचं काम’, ‘गावच्या घराचं बघणे’, ‘कपाट आवरणे’. असा शब्द दिसला की समजायचं, हे एक काम नाही, पोतं आहे. आपण वेळ धरतो पोत्यावरच्या लेबलचा, आतल्या मालाचा नाही.

क्लासवाल्या मॅडमच्या यादीत होतं: ‘बँकेचं काम, अर्धा तास’. त्या परत आल्यावर आम्ही दोघींनी बसून पोतं उपसलं. पासबुक शोधायला ८ मिनिटं (साड्यांच्या घडीखाली निघालं). आधारची झेरॉक्स १२, कारण दुकानात आधी एका मुलाची प्रोजेक्टची जाडजूड फाइल चालली होती. जाता-येताना २०. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत ६. रांग २५. ती रांग चुकीची निघाली म्हणून दुसरी १५. सही जुळेना, पुन्हा सही ५. आणि काउंटरवरचं खरं काम ४ मिनिटं. एकूण ९५. त्यांनी ‘अर्धा तास’ म्हटलं तेव्हा डोळ्यांपुढे फक्त ती चार मिनिटं आणि थोडा रस्ता होता.

जस्टिन क्रूगर आणि मॅट इव्हान्स या दोघांनी २००४ साली हेच प्रयोगातून दाखवलं. अंदाज सांगण्याआधी कामाचे तुकडे पाडायला लावले की लोकांचा अंदाज वाढतो आणि खऱ्याच्या जवळ येतो. काम जितकं गुंतागुंतीचं, तितका फरक जास्त. म्हणून ‘दूध आणणे’ फोडत बसू नका. पोतं असेल तेवढंच उपसा.

निम्म्या लोकांचा बिघाड इथेच निघतो. तुमचा निघाला तर पुढचं वाचायचे कष्ट घेऊ नका.

तिसरी तपासणी: वही (खर्च दहा रुपये, एक आठवडा)

रोजच्या फक्त तीन कामांची नोंद करा. काम सुरू करण्याआधी अंदाज लिहायचा, संपल्यावर लागलेला वेळ. ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. नंतर लिहायला बसलात तर तुमचा अंदाज आपोआप शहाणा होतो, ‘मला वाटलंच होतं’ असं म्हणायला लागतो. आणि लागलेला वेळही आठवून लिहायचा नाही. झालेली कामं आठवताना ती लागली त्यापेक्षा छोटी आठवतात, आणि त्याच आठवणीवर आपण पुढचा अंदाज बांधतो. काही अभ्यासकांच्या मते या बिघाडाचं मूळ इथेच आहे, आणि माझा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे.

माझ्याच वहीतलं एक पान. काम: सकाळचे दोन डबे. अंदाज ३५ मिनिटं. लागली ५८. भेंडी होती, ती धुतली, मग एकेक पुसायला लागली, कारण ओली चिरली तर तार सुटते. कणीक मळून झाकून ठेवली आणि तेवढ्यात दुसरं काहीतरी उरकू म्हणून गॅलरीत कपडे वाळत घातले, तर भाजी खाली लागली. एका डब्याचं झाकण सापडेना. पोळ्या लाटायला किती वेळ लागतो हे मला अचूक माहीत होतं: नऊ पोळ्या, अठरा मिनिटं. माझा ३५चा आकडा या पोळ्या आणि फोडणी धरून आला होता. पुसणं, मुरणं, शोधणं यांतलं काहीच त्यात नव्हतं, आणि रोज यांतलं काहीतरी होतंच.

आठवड्याने लागलेल्या मिनिटांची बेरीज करा, तिला अंदाजांच्या बेरजेने भागा. माझा आकडा आला १.६. भाच्याचा २.३ (तो आयटीत आहे, त्याला वाटलं वहीच चुकलीय). हा तुमचा झिरो एरर. पुढे जीभ ‘अर्धा तास’ म्हणाली की तुम्ही आकड्याने गुणायचं.

चौथी तपासणी: मागच्या वेळी किती लागला होता?

‘किती वेळ लागेल’ हा प्रश्नच बदलायचा. ‘मागच्या तीन वेळा किती लागला?’ असं विचारायचं. वही असेल तर दोन मिनिटांचं काम आहे, पण माणसं इथे हटून बसतात. ‘मागच्या वेळेचं वेगळं होतं, तेव्हा लाइट गेली होती.’ बरोबर, आणि त्याच्या मागच्या वेळी पाहुणे आले होते. दर वेळी काहीतरी वेगळंच होतं, आणि दर वेळी वेळ तेवढाच लागला.

मोठीमोठी माणसं इथे घसरलीत. डॅनिएल कानेमान या मानसशास्त्रज्ञाने आमोस त्वेर्स्कीबरोबर १९७९ साली या चुकीवर पहिल्यांदा लिहिलं. त्यांची स्वतःची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इस्रायलमध्ये शाळेसाठी एक नवा अभ्यासक्रम लिहायला त्यांनी गट जमवला होता. सुमारे वर्षभर काम झाल्यावर सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, अजून किती वेळ लागेल. सगळे आकडे दीड ते अडीच वर्षांच्या आतले. गटात एक अभ्यासक्रमातले जाणकार होते. त्यांना विचारलं, अशा इतर गटांना किती लागला? ते जरा ओशाळून म्हणाले, सात वर्षांच्या आत कुणीच संपवलं नाही, आणि ४० टक्के गटांनी तर सोडूनच दिलं. हाच माणूस थोड्या वेळापूर्वी इतरांसारखाच आकडा चिठ्ठीवर लिहून बसला होता! माहिती डोक्यात होती, अंदाज करताना कुणी तिला हाक मारली नाही. पुस्तक पुरं व्हायला आठ वर्षं लागली.

‘सगळं बिघडेल असं धरून सांगते’ म्हणूनही भागत नाही. कॅनडातल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रबंधाबद्दल विचारलेलं १९९४ साली छापून आलं होतं. अंदाज सरासरी ३४ दिवस, सगळं वाईट घडलं तर ४९, प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. आपल्या कल्पनेतला वाईट दिवससुद्धा बराच चांगला असतो.

पाचवी तपासणी: सेटिंग

आता माझ्या धंद्यातलं. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

नव्या पोराला मी पहिल्या आठवड्यात एक हिशेब देते. चाळीस पीस आहेत, एका पीसला सहा मिनिटं, सात वाजता शिफ्ट सुरू. टेम्पो कधी बोलवायचा? पोरगं कॅल्क्युलेटर न काढता सांगतं, अकरा वाजता. एकदा मी खरंच बोलवू दिला. अकरा वाजता टेम्पो दारात आणि मशीनवर बाविसावा पीस. कारण मशीन सातला सुरू झालंच नव्हतं. आधीच्या जॉबचं फिक्श्चर (जॉब घट्ट धरून ठेवणारी चौकट) उतरवायचं, नवं बसवायचं, डायल लावून ते सरळ आहे का बघायचं, टूल बदलायचे, ऑफसेट (टूलच्या मापातला फरक) घ्यायचे: दीड तास. यालाच आम्ही सेटिंग म्हणतो. मग पहिला पीस काढून क्वालिटीवाल्याकडे, तो जेव्हा हात मोकळा करेल तेव्हा: वीस मिनिटं. चाळिसावा पीस उतरला एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना. टेम्पोवाल्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

कामाला लागणारा वेळ सगळेच धरतात. कामाला लागायचा वेळ कुणी धरत नाही.

घरचंही तसंच. रिटर्न भरायला भाच्याला पंचवीस मिनिटं लागतात, हे खरंय. पण त्याआधी पासवर्ड विसरलेला असतो, ओटीपी बाबांच्या मोबाइलवर जातो आणि बाबा बाजारात असतात, फॉर्म सोळा कुठल्याशा जुन्या मेलमध्ये असतो. वर तो अर्ध्यात उठला, दुसऱ्या दिवशी परत बसला, तर सेटिंग पुन्हा पहिल्यापासून. एक काम चार वेळा अर्धवट सोडलं तर चार सेटिंगं मोजावी लागतात. मधेच फोन बघणं म्हणजे फिक्श्चर अर्धं उतरवून ठेवणं. बघायला एक मिनिट, पण आपण कुठे होतो ते शोधायला त्याहून बरंच जास्त.

दुरुस्ती दोन प्रकारची. पहिली, एकाच सेटिंगमधले जॉब एकापाठोपाठ घ्यायचे. लॅपटॉप, चष्मा आणि फाइल काढलीच आहे तर सोसायटीचं मेंटेनन्स, विम्याचा हप्ता आणि गॅसचं बुकिंग तिथेच. गाडी काढलीच आहे तर त्या रस्त्यावरचं सगळं.

दुसरी शिकावी शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरकडून. १९६९ साली टोयोटात एक हजार टनी प्रेस होता, त्याचं सेटिंग चार तासांचं. ते आधी दीड तासावर आलं आणि मग तीन मिनिटांवर. मशीन काही बदललं नाही. सेटिंगमधली कुठली कामं मशीन चालू असतानाच करून ठेवता येतात, ती वेगळी काढली. आमच्या शॉपमध्ये ही युक्ती शिकवायला मोठ्या फीचे ट्रेनर येतात. रात्री वाटाणे सोलून, डाळ भिजत टाकून, डब्यांची झाकणं डब्यांवर लावून झोपणाऱ्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या फुकट करतायत.

सहावी तपासणी: लोड

दिवस किती भरलाय ते बघा. आठ तासांची शिफ्ट ४८० मिनिटांची, पण जेवण आणि दोन चहा जाऊन माझ्या हाताशी ४३० उरतात. त्यातलीही सगळी मी भरत नाही. मशीन पूर्ण भरलं की मधेच आलेल्या एका अर्जंट जॉबने आठवडा उलटापालटा होतो. रांगेचा साधा हिशेब सांगते: कामं वेळी-अवेळी येत असतील आणि तुम्ही निम्मेच भरलेले असाल, तर नव्या कामाला सरासरी एका कामाइतकं थांबावं लागतं. ८० टक्के भरलेले असाल तर चार कामांइतकं. ९० टक्क्यांना नऊ. सकाळची वीस मिनिटं संध्याकाळी दोन तास का होतात, त्याचं उत्तर हे. मी स्वतः दिवसाच्या साठ टक्क्यांवर जात नाही.

इथे बायकांच्या यादीत एक खास बिघाड सापडतो. जाऊबाईंच्या यादीत अकरा कामं होती आणि त्यांत ‘स्वयंपाक’ नव्हता. भांडी नव्हती, सासूबाईंच्या गोळ्या नव्हत्या. म्हटलं, हे कुठाय? तर म्हणाल्या, ‘ते काय लिहायचं?’ केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं, करणाऱ्या पुरुषांची ९७. जवळजवळ पाच तास यादीबाहेर ठेवून उरलेल्या दिवसाचं गणित कसं जुळणार? हे पाच तास आधी पानावर मांडा, मग घरात सगळ्यांना ते पान दाखवा. दुसरी पायरी पहिलीपेक्षा अवघड आहे.

सातवी तपासणी: जीभ

सगळ्यांत अवघड, कारण इथे गणित चुकलेलंच नसतं. आपल्याला चाळीस मिनिटं माहीत असतात आणि तोंडातून ‘दहा मिनिटांत आले’ निघतं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून. आमचे मार्केटिंगवाले साहेब कस्टमरला तारीख देतात आणि मग मला विचारतात, ‘मॅडम, जमेल ना?’ ती तारीख मशीन बघून ठरलेली नसते, कस्टमरचा चेहरा बघून ठरते.

ओळखायचं कसं? वहीतला अंदाज आणि दुसऱ्याला सांगितलेला वेळ वेगवेगळे लिहा. वहीत ४० आणि तोंडी १० असेल, तर वरच्या सहा तपासण्यांचा काही उपयोग नाही. उपाय म्हणून मी एवढंच करते: विचारणाऱ्याला लगेच आकडा देत नाही. ‘बघून सांगते’ म्हणते, आणि खरंच बघून सांगते. सासूबाईंना हे पचायला दोन वर्षं लागली.

आता थांबा आणि डॉक्टरांकडे जा

तीन प्रसंगी वही पुढे रेटू नका.

एक, हे लहानपणापासून आहे, आणि नुसती कामं नाही तर बिलांच्या तारखा, किल्ल्या, परीक्षा, नोकऱ्या सगळंच हातून निसटत आलंय. मोजूनही आकडा बसत नाही, वेळ जातोय हेच जाणवत नाही. एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण) फक्त शाळकरी मुलांना असतो असं नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

दोन, घरातलं वयस्क माणूस. चाळीस वर्षं ज्यांचं वेळापत्रक घड्याळासारखं होतं ते आता वार विसरतात, पुरणपोळीचा क्रम चुकतात, कुकर लावल्याचं लक्षात राहत नाही. ‘वय झालं’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा.

तीन, पूर्वी अर्ध्या तासात होणारी कामं अलीकडे दोन तास घेतायत. झोप, भूक बिघडलीय, कशातच मन लागत नाही. मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

ही तिसरी गोष्ट माझ्याकडून एकदा सुटली होती. जाऊबाईंना मी तीन आठवडे वही लिहायला लावली, पोती उपसायला लावली, लोड कमी केला. फरक पडेना. शेवटी पानं शेजारी-शेजारी ठेवून बघितली. त्यांचे अंदाज सगळे जुनेच होते, वर्षानुवर्षं बरोबर ठरलेले: झाडलोट वीस मिनिटं, पोळ्या पंचवीस. दुसऱ्या रकान्यातले आकडे मात्र दर आठवड्याला वाढत होते. पहिल्या आठवड्यात पोळ्या पस्तीस, तिसऱ्यात पन्नास. अंदाज चुकत नव्हता, माणूस मंदावत होतं. वही तशीच डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी दोन पानं चाळली आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. रिपोर्ट आला, गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी जाऊबाईंनी स्वतःहून वही काढून दाखवली: पोळ्या, अंदाज २५, लागले २७.